पुढच्या न्हाणीची किल्ली

पंप टर्रर्र वाजला, दोन-तीन सेकंद चालला आणि गप्प झाला.

“नळ कुणी उघडला?” मनोहरांनी वरून, डेकवरून विचारलं.

बोटीवर आम्ही नवरा-बायको दोघंच होतो, त्यामुळे ‘कुणी’ या शब्दाला तसा काही अर्थ नव्हता. मी खाली टेबलाशी मटार सोलत बसले होते.

“शेजारणीने,” मी म्हटलं.

दीडेक मिनिटाने पंप पुन्हा वाजला आणि पाठोपाठ मनोहरांचे पाय शिडीवरून खाली आले. त्यांनी स्वयंपाकाच्या ओट्याचा नळ पाहिला, मागच्या न्हाणीतला नळ पाहिला, मग माझे हात पाहिले. हात हिरवे झाले होते, पण कोरडे होते.

“हं,” ते म्हणाले.

गोष्ट दहा-अकरा वर्षांपूर्वीची, डिसेंबरातली. आमची ‘टिटवी’ जयगडच्या खाडीत नांगर टाकून उभी होती. सकाळचे नऊ वाजले असतील.

मनोहर बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर होते, त्यातली शेवटची बारा चीफ इंजिनिअर म्हणून. जूनमध्ये निवृत्त होऊन घरी आले आणि ऑगस्टमध्ये मुंबईला जाऊन ही अडतीस फुटांची जुनी शिडाची बोट घेऊन बसले. तीन महिने तिथेच राहून त्यांनी ती स्वतःच्या हातांनी दुरुस्त केली. म्हणजे लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि निवृत्त नवरा घरात राहिला होता तो जेमतेम सात आठवडे. मी एका लहानशा गावाच्या नगरपरिषदेत पाणीपुरवठ्याची इंजिनिअर. मुलगी बंगळुरूला नोकरीला लागलेली.

बेत असा होता, की मुंबईहून गोव्यापर्यंत आठ दिवसांत जायचं. बोट मला मानवली, तर मी स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि मग दोघांनी कोचीन, लक्षद्वीप, जमलं तर अंदमान असं फिरत राहायचं. नाही मानवली तर काय, याबद्दल काही ठरलं नव्हतं. चीफ इंजिनिअरना ती शक्यता सुचलीच नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला बोट दाखवली आणि नियम सांगितले. गोड्या पाण्याची टाकी तीनशे लिटरची. माणशी रोजचं पाणी पंधरा लिटर. ताट पुसून मग धुवायचं. पुढची न्हाणी वापरायची नाही, कमोड नादुरुस्त आहे, दार उघडलं तर वास येईल. त्या दाराला कुलूपही होतं. चोवीस वर्षं मी एका अख्ख्या गावाला पाणी मोजून देत आले होते. मला कुणीतरी पाणी मोजून देतंय, हा अनुभव नवा होता.

“पंप गेला,” मनोहर म्हणाले. “आतला व्हॉल्व नीट बसत नाहीये.”

हा पंप म्हणजे आपल्या घरच्या टुल्लूचा धाकटा भाऊ. बॅटरीवर चालतो. नळ उघडला की पाइपातला दाब पडतो आणि पंप आपोआप सुरू होतो. नळ बंद केला की दाब चढतो आणि तो थांबतो. नळ बंद असतानाही तो मधूनमधून वाजत असेल, तर एक तर पंपच दाब धरत नाही, नाहीतर पाणी कुठून तरी बाहेर जातंय.

“किंवा गळती आहे,” मी म्हटलं.

“गळती नाही. सगळे पाइप मी स्वतः टाकलेत.”

“आमचा ठेकेदारही हेच म्हणतो.”

“सुनीती, हे जहाज आहे. नगरपरिषद नाही.”

मी पुढची शेंग उचलली.

त्यांच्याकडे नवा पंप होता. तो त्यांनी खोक्यातून असा बाहेर काढला, की बघणाऱ्याला वाटावं, नातू झालाय. जुना पंप बसवलेला होता बाकाखालच्या खणात, अगदी आत. त्या खणात मी मुंबईला सामान भरलं होतं. डाळी, पापड, साबण, दोन दोरखंड, लोणच्याच्या बरण्या, सगळं बाहेर निघून माझ्या अंथरुणावर आलं. मग मनोहर छातीवर झोपून आत शिरले. मोठ्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये माणूस उभा राहून चालतो. इथे कमरेपर्यंतचे मनोहर आत मावले आणि बाकीचे बाहेर राहिले.

पुढचे अडीच तास मी नवऱ्याच्या तळपायांशी बोलले. तसे ते पाय माझ्या फारसे ओळखीचे नव्हते.

“दहाचा पान्हा दे.”

मी दिला.

“हा बाराचा आहे.”

“तुमच्या डब्यात दहाच्या जागी ठेवला होता.”

एका पायाने दुसरा खाजवला. “बरं, दहाचा बघ कुठे आहे.”

चारांपैकी तीन स्क्रू निघाले. चौथा गंजून चिकटला होता. दुसरा कुणी असता तर शिव्या घातल्या असत्या. मनोहर गुणगुणत होते. स्क्रू जितका हट्टी, तितकं गुणगुणणं हळुवार. सव्वीस वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. त्यांची रजा असायची वर्षातून तीन महिने. त्यात पाहुणे, लग्नकार्यं, डॉक्टर, मुलीची शाळा. घरातले स्क्रू मी गंजू देत नसे.

आता इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझी बॅग भरलेली होती. आदल्या संध्याकाळी हसनभाई मिरकर नावाचा मच्छीमार होडीतून कोळंबी विकायला आला होता. मनोहर पुढे नांगर तपासत होते, तेवढ्यात मी त्याला हळूच विचारलं, रत्नागिरीची एसटी कधी असते. तो म्हणाला, चारची आहे. मी म्हटलं, उद्या साडेतीनला मला न्यायला या.

मनोहर वाईट वागत होते असं मुळीच नाही. पण घरी इतकी वर्षं सगळं मी ठरवत आले होते. छप्पर, मुलीचं कॉलेज, सासूबाईंचं ऑपरेशन. बोटीवर मला शिडाची दोरी सोडायलाही परवानगी लागत होती. गोव्याला पोचल्यावर ‘मला हे जमणार नाही’ असं तोंडावर सांगण्यापेक्षा जयगडला ‘ऑफिसातून फोन आला’ म्हणणं मला सोपं वाटलं. आणि पंप बिघडला म्हटल्यावर तर मला देवच पावला. पाणी संपलं की घरी जायला त्या खोट्या फोनचीही गरज नव्हती.

दुपारी बारानंतर मनोहर बाहेर आले. कपाळावर ग्रीस होतं. त्यांनी बटण दाबलं. नवा पंप जुन्यापेक्षा गोड आवाजात वाजला, दाब चढला आणि थांबला. मनोहरांनी हात धुतले, जरा जास्तच पाणी वापरून. नळ बंद केला. मग आम्ही दोघं घड्याळाकडे बघत उभे राहिलो.

एक मिनिट गेलं. मनोहर माझ्याकडे बघून हसले.

टर्रर्र.

ते बाकावर बसले.

“यालाही तोच रोग दिसतोय,” ते म्हणाले. “एकाच कारखान्यातले असणार.”

मी गप्प बसायला हवं होतं. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. साडेतीन वाजायला तीन तास होते. पण चोवीस वर्षांची खोड वाईट. गळती कुठे आहे हे कळल्याशिवाय मला जेवण गोड लागत नाही, मग ती गळती कुणाचीही असो.

मी पायाखालची मधली फळी उचलली. बोटीच्या तळाशी चार बोटं पाणी साचलं होतं.

“ते बोटीच्या पाण्यातल्या पंख्याच्या दांड्याजवळून येतं,” मनोहर म्हणाले. “समुद्राचं. थोडं यायचंच.”

मी बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं.

“अगं, काय करतेस? डिझेल असेल त्यात.”

“डिझेल आहे. पण पाणी गोडं आहे. बघा चाखून.”

बत्तीस वर्षं समुद्रावर काढलेल्या चीफ इंजिनिअरने बायकोच्या सांगण्यावरून बोटीच्या तळाचं पाणी चाखलं. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी तोंड वाकडं केलं, ओठ पुसले आणि म्हणाले, “गोडं आहे.”

“म्हणजे गळती आहे.”

“एखादी असू शकते.”

“आता गावातल्यासारखं करू. पाइपाची एकेक फांदी बंद करू. जी बंद केल्यावर पंप गप्प राहील, ती दोषी.”

ओट्याची फांदी बंद केली. दीड मिनिटाने टर्रर्र. मागच्या न्हाणीची बंद केली. टर्रर्र.

“राहिली पुढची,” मी म्हटलं.

“तिकडे पाणीच जात नाही,” मनोहर पटकन म्हणाले. “ती न्हाणी बंद आहे ना.”

“मग तिचा व्हॉल्व कुठाय?”

“व्हॉल्व नाही.”

“बंद न्हाणीच्या फांदीला व्हॉल्व नाही?”

“नाही.”

“मग पाणी कुणाच्या सांगण्यावरून थांबतं?”

ते छताकडे बघायला लागले. मी वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडल्या आणि गुडघ्यांवर बसून पाइपाच्या मागे निघाले. जिथे जोड दिसेल तिथे कोरडी पट्टी गुंडाळायची आणि कागद भिजतो का बघायचं. टाकीपासून पुढे एकेक जोड कोरडा निघाला. शेवटी पाइप पुढच्या न्हाणीच्या भिंतीतून आत गेला. दाराच्या उंबऱ्याखाली हात घातला तर बोटं ओली झाली.

“किल्ली द्या.”

“हरवली.”

“कधी?”

“मुंबईला.”

“मग कुलूप तोडते. दहाचा पान्हा सापडलाय आता.”

मनोहरांनी खिशात हात घालून किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. नंतर ते तिथे थांबले नाहीत. डेकवर जाऊन दोरखंड नीट करायला लागले. ते दोरखंड सकाळपासून नीटच होते.

मी दार उघडलं. आत काळोख होता. खिडकीला काळा कागद चिकटवलेला. हाताला बटण लागलं, ते दाबलं, तर लाल दिवा पेटला.

कमोड कुठेच नव्हता. त्याच्या जागी लाकडी फळी आणि फळीवर एकाशेजारी एक तीन उथळ ट्रे. कोपऱ्यात पट्ट्याने घट्ट बांधलेलं एक जुनं यंत्र, फोटो मोठे करायचं. वर एक बारीक दोरी ताणलेली आणि तिला लाकडी चिमटे. खाली फोटोच्या कागदांची खोकी होती. ती पाण्याने भिजून फुगली होती. बेसिनच्या नळाला जोडलेल्या पाइपाचं तोंड चिरलं होतं आणि त्यातून पाण्याची एक बारीक धार थेट त्या खोक्यांवर पडत होती.

मागे शिडी वाजली.

“गोव्याला दाखवणार होतो,” मनोहर म्हणाले. “पण तू तीन दिवस याच दारासमोर बसून वाचत होतीस. आत जाऊन तपासायची सोयच राहिली नाही.”

“डार्करूम आहे ही.”

“हो.”

“कुणासाठी?”

“तुझ्यासाठी. तू लिहिलं होतंस. तुमच्या गावचा स्टुडिओवाला तुझे सगळे फोटो काळपट करतो म्हणून. कधीतरी आपली स्वतःची डार्करूम असावी. मार्च एकोणनव्वदचं पत्र. सिंगापूरला मिळालं मला.”

मी असं लिहिल्याचं मला अजिबात आठवत नव्हतं. लग्नानंतर त्यांनी योकोहामाहून कॅमेरा आणला होता, हे आठवत होतं. दोन-चार वर्षं मी वेड्यासारखे फोटो काढले, बंदराबंदरावर पाठवले, हेही आठवत होतं. फोटो काढणाऱ्या त्या मुलीचे केस लांब होते आणि तिला रात्रपाळीची झळ अजून लागली नव्हती. तिच्यासाठी माझा नवरा मुंबईला तीन महिने ही खोली बांधत बसला होता.

आता सांगणं भाग होतं.

“कॅमेरा नाहीये,” मी म्हटलं.

“घरी राहिला? हरकत नाही, पुढच्या वेळी—”

“घरीही नाही. दोन हजार साली डोंगरावरच्या टाकीत पडला. आतल्या भिंतीला तडा गेला होता, त्याचा फोटो घेत होते. पट्टा तुटला.”

“मग काढला नाही?”

“टाकी भरलेली होती. धुवायची पाळी चार महिन्यांनी आली. तोवर अख्खं गाव तुमचा कॅमेरा प्यायलं.”

मनोहरांनी थोडा विचार केला. “तक्रार आली कुणाची?”

“एका नगरसेवकाने सांगितलं, हल्ली पाण्याला चव आलीय. चांगली.”

मनोहर मग हसायला लागले. हसता हसता त्या अरुंद बोळात भिंतीला टेकून खाली बसले. मीही बसले, कारण उभं राहून हसायला जागा नव्हती.

“चौदा वर्षं सांगितलं नाहीस,” ते शेवटी म्हणाले.

“तुम्ही विचारलं नाहीत.”

“मला वाटायचं, मी नसताना काढत असशील.”

मी आत शिरले आणि पाइप हातात घेतला.

“एकच लोखंडी पट्टी आवळलीय इथे.”

“दुसरी संपली होती.”

“आणि फांदीला व्हॉल्व नाही.”

“नाही.”

“ठेकेदार असतात तर काळ्या यादीत टाकलं असतं.”

ते निमूटपणे बॅटरी धरून उभे राहिले. मी पाइपाचं चिरलेलं तोंड कापलं, गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, नळाच्या बुडात पुरतं दाबलं आणि जुन्या पंपाच्या दोन पट्ट्या काढून त्यावर आवळल्या. मग आम्ही पुन्हा घड्याळ लावून उभे राहिलो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. पंप गप्प होता. टाकीत काठी घातली तर ती जेमतेम तळाशी भिजली.

तेवढ्यात बाहेरून हाक आली.

“वयनी, चला. साडेतीन वाजले. गाडी सुटंल.”

हसनभाई वेळेचा फार पक्का निघाला.

मनोहरांनी माझ्याकडे बघितलं. मग माझ्या अंथरुणाकडे. डाळी आणि लोणच्याच्या मागे भरलेली बॅग उभी होती, सकाळपासून त्यांच्या नजरेसमोर. त्यांनी बॅग उचलली आणि शिडीपाशी आणून ठेवली.

“जड आहे,” ते म्हणाले. “मी वर देतो.”

गुणगुणत होते. अगदी हळुवार.

“बॅग राहू दे,” मी म्हटलं. “ते दोन डबे द्या. टाकीत पाणी नाही. हसनभाई, तुमच्या वाडीत गोडी विहीर आहे ना?”

“हाय की,” हसनभाई म्हणाला. “पन गाडी?”

“गाडीला जाऊ दे.”

विहीर बंदराच्या वरच्या अंगाला होती. मी डबे भरत होते तेव्हा खालच्या रस्त्याने एसटी वळली आणि हॉर्न देत निघून गेली. तिच्या मागची धूळ खाली बसेपर्यंत मी बघत होते. मला फार धीराचं काही केल्यासारखं वाटलं नाही. घरी एकटी जाऊन कुलूप उघडायचं एवढंच डोळ्यांसमोर आलं, आणि ते तर मी सव्वीस वर्षं केलं होतं.

परत आलो तेव्हा मनोहर डेकवर बसले होते, किनाऱ्याकडे पाठ करून.

“तिकडे काय बघताय?” मी होडीतून विचारलं.

“काही नाही,” ते वळून म्हणाले. “इकडे बघवत नव्हतं.”

अर्धी टाकी भरायला चार खेपा झाल्या. शेवटच्या खेपेला हसनभाईने दोन बांगडे दिले, वर मनोहरांना म्हणाला, बोट शिकवण्याआधी वयनीला पोहायला शिकवा.

स्वेच्छानिवृत्ती मी घेतली नाही. पुढची सहा वर्षं दर डिसेंबरात लांब रजा काढून मी बोटीवर जायची, आणि पावसाळ्यात मनोहर घरी राहायचे. तिथे पाणी दिवसाआड येतं हे त्यांना तेव्हा कळलं. अंदमान आमच्याने झालं नाही. लक्षद्वीप झालं. डार्करूममध्ये एकही फोटो धुतला गेला नाही. पण त्या दिवशी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

ऊन कलल्यावर आम्ही चहा घेऊन वर बसलो. मनोहरांनी माझ्या मापाने कप भरला होता. म्हणजे अर्धा. मी पूर्ण कप पिते, हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी स्वतःचा अर्धा माझ्या कपात ओतला.

“सुनीती,” ते म्हणाले, “आता काय आवडतं तुला?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि माझ्या लक्षात आलं, की हे मला चटकन सांगता येणार नाही. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं.

“विचार करून सांगते,” मी म्हटलं.

“किती दिवसांत?”

“गोव्यापर्यंत.”

त्यांनी वाऱ्याकडे तोंड केलं, डोळे बारीक करून शीड पाहिलं.

“मग सावकाश जाऊ,” ते म्हणाले.